रात्री स्कीवरून उतरताना खरा धोका कशाचा?

प्रश्न : मुक्काम म्युनिक

नमस्कार. नोकरीनिमित्त मी म्युनिकमध्ये राहतो. आमच्या कार्यालयातील काही जण हिवाळ्यात आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी काम आटोपून आल्प्सच्या पायथ्याशी जातात, स्कीच्या तळाला स्किन (चढताना मागे घसरू न देणारी पट्टी) लावून पिस्टच्या, म्हणजे स्कीसाठी तयार केलेल्या उताराच्या, कडेने वर चढतात, वरच्या उपाहारगृहात जेवतात आणि हेडलॅम्पच्या उजेडात स्कीवरून खाली येतात. मार्चमधल्या पौर्णिमेच्या सुमारास मीही त्यांच्याबरोबर यावे, असा त्यांचा आग्रह आहे. लाल, म्हणजे मध्यम अवघड दर्जाची पिस्ट मी दिवसा न पडता उतरतो, शिवाय सह्याद्रीत नाइट ट्रेक पुष्कळ केलेले असल्यामुळे अंधाराचे मला फारसे वाटत नाही. घरून मात्र ठाम विरोध आहे. हा विरोध केवळ काळजीपोटी आहे, की रात्री उतरण्यात दिवसापेक्षा खरोखरच वेगळा धोका असतो? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : इन्सब्रुकवासी

आपला सगळा रोख अंधारावर आहे, पण माझ्या मते अंधार हा दुय्यम धोका आहे. आधी विचारायला हवे ते हे, की ज्या पिस्टवरून आपण उतरणार आहात तिच्यावर त्या वेळी आणखी कोण असणार आहे. संध्याकाळी शेवटची लिफ्ट थांबली आणि गस्ती पथकाने अखेरची फेरी मारून कोणी मागे राहिले नसल्याची खात्री करून घेतली, की पिस्ट बंद होते. त्यानंतर सकाळपर्यंत ती कामाची जागा असते. दिवसभरात उखडलेले बर्फ पुन्हा सपाट करणारी पट्ट्यांवर चालणारी अवजड यंत्रे रात्रीच फिरतात, कृत्रिम बर्फाच्या तोफाही बहुधा थंडी वाढल्यावर रात्रीच चालू होतात, आणि त्यांचे पाण्याचे नळ आणि ओल्या बर्फाचे ढीग वाटेत कुठेही असू शकतात.

यातही सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे विंचचा, म्हणजे यंत्रावरील दोर गुंडाळणाऱ्या रहाटाचा दोर. तीव्र उतारावर यंत्र केवळ पट्ट्यांच्या बळावर टिकत नाही, म्हणून वरच्या बाजूला पक्क्या खांबाला पोलादी दोर अडकवतात आणि यंत्रावरील विंचने तो सोडत किंवा गुंडाळत चालक वर-खाली काम करतो. हा दोर जेमतेम 11 मिलिमीटर जाडीचा असतो, त्याची लांबी 1000 मीटरच्या आसपास असते आणि विंचची ओढ सुमारे 4 टनांची असते. म्हणजे यंत्र आणि त्याचा लुकलुकणारा नारिंगी दिवा उंचवट्यापलीकडे पाऊण किलोमीटरवर असेल, त्याचा आवाजही आपल्यापर्यंत येणार नाही, आणि तरीही दोर आपल्या वाटेत आडवा असेल. एका संध्याकाळी वरच्या उपाहारगृहाच्या सज्ज्यातून मी हे पाहिले आहे. दोर चार बोटे बर्फाखाली सैल पडलेला होता, तिथे काही आहे असे वाटतही नव्हते. खाली कुठेतरी यंत्र वळले आणि बर्फाचा भुगा उडवत तो एका झटक्यात कमरेइतका वर आला आणि काही मीटर बाजूला सरकला. जमिनीला खोलगट भाग असेल तिथे तो छातीच्या किंवा गळ्याच्या उंचीवरही ताणलेला असतो. आल्प्समध्ये अशा दोरावर आदळून माणसे मेलेली आहेत. चांगला दिवा, चांगले शिरस्त्राण, दांडगा अनुभव यांपैकी कशाचाही इथे उपयोग नाही.

म्हणून अनेक स्की-क्षेत्रे आठवड्यातून एखाद-दुसऱ्या संध्याकाळी ठरावीक पिस्ट चढणाऱ्यांसाठी खुली ठेवतात आणि तेवढ्या वेळात तिच्यावर यंत्र आणत नाहीत. आपले सहकारी त्याच संध्याकाळी आणि त्याच पिस्टने जातात का, हे आधी विचारून घ्या. 'सगळेच जातात, कोणी काही म्हणत नाही' असे उत्तर आले, तर घरच्यांचे म्हणणे बरोबर आहे.

उत्तर : पुण्याचा भटक्या

स्कीइंगमधले मला काही कळत नाही, पण नाइट ट्रेकच्या अनुभवावर विसंबण्याबाबत सांगतो. आपल्याकडे रात्री मुख्यतः चढतात आणि उतरायचे ते उजाडल्यावर, तेही पायी. पायी चालणाऱ्याला पुढची चार पावले दिसली तरी पुरते. तिथे अंधाराची भीती गेली असेल, पण ती वेगाची सवय नव्हे. एक शंका : पौर्णिमेला बर्फावर इतका लख्ख प्रकाश असतो म्हणतात, मग दिव्याची अडचण उरतेच कशाला?

उत्तर : झ्युरिकची मीरा

भटक्या यांच्या शंकेपासूनच सुरुवात करते. पूर्ण चंद्राचा प्रकाश जमिनीवर सुमारे पाव लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) एवढाच पडतो. बर्फ तो परतवते म्हणून सगळे उजळलेले दिसते आणि चढताना दिवा बंद ठेवून चालता येते, यात शंका नाही. पण इतक्या कमी प्रकाशात डोळ्याला रंग ओळखता येत नाहीत आणि बारकावे दिसत नाहीत. लाल रंग तर काळाच दिसतो, त्यामुळे धोक्याची लाल फीत झाडांच्या काळोखात विरून जाते. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटे लागतात आणि उपाहारगृहाच्या उजेडात बसून बाहेर पडणारा माणूस तो सराव घालवूनच उतरायला लागतो. त्यात वाट डोंगराच्या सावलीत शिरली, की चांदणे संपले.

आता दिव्याचे. दिव्याच्या खोक्यावर प्रकाशाचा जो पल्ला लिहिलेला असतो, तो प्रचलित मोजणीनुसार प्रकाश पाव लक्सवर येतो तिथपर्यंतचा असतो. थोडक्यात, 100 मीटरचा दिवा 100 मीटरवर आपल्याला चांदण्याइतकेच दाखवतो. त्याच्या निम्म्या अंतरावर तो एक लक्स असतो, आणि बर्फातला गोठलेला चर ओळखायला तेही कमीच पडते.

ताशी 40 किलोमीटर वेगाने माणूस सेकंदाला 11 मीटर जातो. अडथळा दिसून स्की वळवेपर्यंत एक सेकंद गेला तर 11 मीटर तिथेच संपले. घट्ट बर्फावर थांबायला आणखी 20 मीटर धरले, तर एकूण सुमारे 30 मीटर झाले. ताशी 60 किलोमीटरला हेच अंतर ढोबळमानाने 60 मीटरच्या पुढे जाते. दिवसा 40 हा वेग संथ वाटतो. रात्री मात्र वेग ठरवायचा तो स्वतःच्या कौशल्यावरून नव्हे, तर दिव्यावरून.

कपाळावरच्या दिव्याची आणखी एक खोड आहे. प्रकाश डोळ्यांच्या रेषेतच जात असल्यामुळे उंचवट्यांच्या सावल्या उंचवट्यांमागेच लपतात आणि खडबडीत उतार सपाट भासतो. छातीच्या पट्ट्यावर दुसरा दिवा लावला तर सावल्या दिसू लागतात. मी स्वतः तसेच करते. धुके किंवा पडते बर्फ असेल, तर मात्र जास्त प्रखर दिवा उलट डोळ्यांसमोर पांढरा पडदा धरतो. अशा वेळी प्रकाश कमी करावा लागतो, आणि प्रकाश कमी म्हणजे वेगही कमी.

आपण मार्चची पौर्णिमा म्हणालात, म्हणून मुद्दाम लिहिते. निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहतो आणि हवेपेक्षा काही अंश अधिक थंड होतो. दुपारच्या उन्हाने भिजलेले, शेकडो स्कींनी चिरलेले बर्फ रात्री आठ-नऊपर्यंत दगडासारखे होते आणि दुपारच्या खुणा तशाच्या तशा गोठतात. डोळ्यांना जी रात्र सर्वांत सुंदर वाटते, तिचाच पृष्ठभाग बहुधा सर्वांत कठीण असतो. उतरण्याआधी स्कीच्या कडांना धार लावून घ्या.

प्रश्नकर्ता : मुक्काम म्युनिक

आपणा सर्वांचे आभार. सहकाऱ्यांना विचारले, ते जातात ती संध्याकाळ अधिकृतपणे खुली असते, पण परतताना वेळ वाचवण्यासाठी काही जण शेजारच्या जंगलातील अरुंद वाटेने उतरतात, असे कळले. ही वाट यंत्रांपासून दूर असल्याने अधिक सुरक्षित मानावी का? आणि कोणी जायबंदी झालेच, तर रात्री मदत कशी मिळते?

उत्तर : इन्सब्रुकवासी

ती वाट अजिबात धरू नका. तिथे यंत्र नसेल, पण बर्फाने अर्धवट झाकलेले बुंधे, ओढ्यावरची पोकळ बर्फाची साय आणि झाडे असतात, आणि एखाद्या झाडावर आदळायला फार वेगही लागत नाही. शिवाय अशा वाटेवर हिमस्खलनाची पाहणी कोणी केलेली नसते. वरच्या उतारावर किती बर्फ साचलेले आहे हे दिवसा मान वर करून तरी पाहता येते. रात्री तेही नाही. त्या दिवसाची हिमस्खलन-सूचना वाचल्याशिवाय आणि बीकन (गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारे संदेशयंत्र), शोधकाठी, फावडे यांशिवाय पिस्टबाहेर पाऊल टाकू नये. गाडलेल्या माणसाच्या जगण्याची आशा पहिल्या 10 ते 15 मिनिटांनंतर झपाट्याने घटते. तेवढ्या वेळात खालून कोणी पोहोचत नाही, जे करायचे ते सोबत्यांनाच करावे लागते.

मदतीचे म्हणाल, तर युरोपभर 112 हा क्रमांक चालतो. ऑस्ट्रियात डोंगरी बचाव सेवेसाठी 140 आहे. पण दिवसा गस्तीवाले काही मिनिटांत येतात, तसे रात्री होत नाही. लिफ्ट बंद असते, बचावकर्ते आपापल्या घरून निघतात, आणि हेलिकॉप्टर रात्री येईलच याचा भरवसा नसतो. चढताना घामाने भिजलेला माणूस मोडक्या पायाने उणे 10 अंशांत पडून राहिला, तर हाडापेक्षा थंडीच आधी त्याच्या जिवावर उठते. पाठपिशवीत जाड जाकीट, उष्णता राखणारी पिशवी आणि कोरडे हातमोजे हवेतच. फोन अंगालगत ठेवा. तो लागला नाही, तर मिनिटाला सहा वेळा दिवा चमकवणे, मिनिटभर थांबणे आणि पुन्हा सहा वेळा चमकवणे ही आल्प्समधील संकटाची खूण आहे. उत्तर मिनिटाला तीन वेळा येते. एकट्याने उतरू नये, आणि जेवणाबरोबरची बिअर खाली पोहोचल्यावर घ्यावी.

उत्तर : झ्युरिकची मीरा

त्यात दिव्यापुरती भर घालते. थंडीत बॅटरीची क्षमता चांगलीच घटते, त्यामुळे नवा दिवा डोंगरावर नेण्यापूर्वी एखाद्या गोठत्या रात्री बाल्कनीत पूर्ण प्रकाशावर लावून ठेवा आणि तो किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून पाहा. काही दिवे बॅटरी उतरू लागली की आपोआप मंद होतात. तुमचा दिवा तसा असेल, तर मंद होईपर्यंतचाच वेळ धरा आणि सुटी बॅटरी आतल्या खिशात ठेवा.