मोतीबिंदूची शस्त्रक्रिया: आईसाठी कोणती लेन्स घ्यावी?

प्रश्न:
माझ्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असून आधी एका आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया करण्याचे ठरले आहे. तिला तरुणपणापासून उणे तीनचा नंबर आहे. वाचताना किंवा सुईत दोरा ओवताना ती चष्मा काढून ठेवते. डोळ्यात बसवायच्या लेन्ससाठी डॉक्टरांनी मोनोफोकल आणि मल्टिफोकल असे दोन पर्याय सांगितले आहेत. महाग ती चांगली, असे समजावे का? प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचीही तिला धास्ती वाटते.

प्रतिसाद १:
लेन्सच्या किमतीआधी आईंच्या नंबराचा विचार करा. उणे तीनच्या डोळ्याला चष्म्याविना साधारण 33 सेंटीमीटरवरचे स्पष्ट दिसते, म्हणून त्यांचे वाचन बिनचष्म्याचे चालते. मोनोफोकल लेन्स एकाच अंतरासाठी असते आणि ती बहुधा लांबचे दिसावे अशा हिशेबाने बसवतात. तसे केल्यास लांबचा चष्मा जवळजवळ सुटेल, पण सुई ओवायला मात्र चष्मा शोधावा लागेल. याची आधी कल्पना नसलेली मंडळी शस्त्रक्रिया उत्तम होऊनही नाराज राहतात. तीच लेन्स जवळचे दिसेल अशा पॉवरचीही घेता येते. मग लांबसाठी चष्मा राहतो, जो त्यांच्या सवयीचाच आहे. डॉक्टरांनी विषय काढला नाही, तर तुम्ही काढा.

मल्टिफोकल लेन्स येणारा प्रकाश वेगवेगळ्या अंतरांसाठी वाटून देते, त्यामुळे रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात आणि मंद उजेडात अक्षरे थोडी फिकट वाटतात. चष्म्याचा मनापासून कंटाळा असलेल्यांना हा सौदा परवडतो. तुमच्या आईंना तो कंटाळा आहे का, हे त्यांनाच विचारा.

प्रतिसाद २:
माझ्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. थेंब टाकून डोळा बधिर करतात आणि आपण जागेच असतो. दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून गढूळ झालेले नैसर्गिक भिंग अल्ट्रासाउंडने फोडून शोषून घेतात आणि ते भिंग ज्या पातळ पिशवीत असते तिच्यातच घडी केलेली नवी लेन्स उलगडतात. टाके सहसा लागत नाहीत. मला प्रखर उजेड आणि पाण्याचा गारवा तेवढा जाणवला, दुखले नाही. नंतर काही आठवडे थेंब नेमाने घालावे लागतात आणि डोळा चोळायचा नसतो. वेदना वाढल्या, नजर एकाएकी कमी झाली किंवा डोळ्यापुढे काळा पडदा आल्यासारखे वाटले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

पहिला डोळा लांबसाठी केला, तर दुसरा होईपर्यंत दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक राहतो आणि जुना चष्मा धड वापरता येत नाही. पायऱ्या उतरताना त्या काळात सोबत असलेली बरी.

प्रतिसाद ३:
मल्टिफोकलचा विचार असल्यास आधी डोळ्याच्या पडद्याची नीट तपासणी करून घ्या. मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाचा, विकार किंवा बळावलेला काचबिंदू असल्यास ती लेन्स सहसा टाळतात. तिरका, म्हणजे सिलिंड्रिकल, नंबर बराच असेल तर तोही भरून काढणाऱ्या टोरिक लेन्सबद्दल विचारा. आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले, तर मोतीबिंदू परत आला असे समजून घाबरू नका. बहुधा लेन्समागची पिशवी गढुळते; याग लेझरने तिच्यात वाट करून देतात आणि ते काम काही मिनिटांत होते.