मुंबई-लंडन : थेट विमान घ्यावं की दुबईमार्गे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आई-आण्णा पहिल्यांदाच परदेशी निघालेत, ताईकडं लंडनला. आण्णांचे गुडघे दुखतात, त्यामुळं तिकिटापेक्षा प्रवासाचीच काळजी जास्त.

मुंबई ते लंडन सरळ अंतर अंदाजे 7,200 किमी. थेट विमानाला जाताना दहा तासांच्या आसपास लागतात. येताना वारं पाठीशी असल्यानं थोडे कमी. दुबईमार्गे अंतर फार वाढत नाही, 1,900 अधिक 5,500, म्हणजे जेमतेम दोन-अडीचशे किमी जादा. वेळ खातंय ते मधलं थांबणं. पण आण्णा म्हणतात, "दहा तास एका जागी बसायला मी काय पुतळा हाय व्हय?" त्यांचंही बरोबरच आहे म्हणा.

कोल्हापूरहून महालक्ष्मीनं जाणार, गाडी सकाळी मुंबईत पोचते. मग त्याच दिवशीचं विमान धरावं की एक मुक्काम करावा? आणि दुबईत विमान बदलताना व्हीलचेअर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत नीट मिळते का? दोघांनाही इंग्रजी जेमतेमच येतं.

वयस्कर माणसांना घेऊन कुणी गेलं असेल तर सांगा. कांदा-लसूण चटणीचं मी बघतो, ती आईनं आधीच बांधून ठेवलीय.