दावणीला अजून जनावर आहे? मग लिहा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडं ज्यांच्या गोठ्यात अजून गाय, म्हैस, बैल आहे त्यांनी लिहावं. काय परवडेना झालंय तेही, आणि तरी जनावर का सुटत नाही तेही.

निपाणीजवळून
2022 च्या लम्पीत आमची गाय गेली. आधी ताप, मग अंगभर गाठी, पायांना सूज. माश्या, डास, गोचिडांनी हा रोग पसरतो, म्हणून आई रात्री उठून गोठ्यात लिंबाच्या पाल्याचा धूर करायची. गाईनं वैरण सोडली तशी आईनंही जेवण सोडलं. तेव्हा मेलेल्या गाईला कर्नाटकात भरपाई 20 हजार. पलीकडं महाराष्ट्रात, कागल तालुक्यात 30 हजार. रोग एकच, गाय तसलीच. सीमा मध्ये आली म्हणून दहा हजार कमी, हे मला अजून पटत नाही. त्या खुंट्याला आईनं वर्षभर दुसरं जनावर बांधू दिलं नाही.

बेळगाव, गवळ्याचं घर
दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं बांधून म्हशी पळवतो. मालकाच्या हाकेवर म्हैस मोटारसायकलमागं धावते, ते बघायला गल्ली भरते. पण चरायची रानं प्लॉटिंगात गेली. सगळी वैरण विकतची.

जांबोटीकडून
पाऊस लागला की जनावर गोठ्यातच. भाताचं पिंजर भिजलं की वर्षाची वैरण गेली. रानात सोडावं तर बिबट्या. वासरू नेलं त्याचा अर्ज कन्नडमध्ये, आमची शाळा मराठी. शेजारचा पोरगा लिहून देतो, त्याचे उपकार.

अथणी
खिलार जातीचा खोंड, म्हणजे तरणा बैल, घ्यायला आता गिऱ्हाईक नाही, नांगरटीला ट्रॅक्टर आलाय. 2021 पासूनच्या कायद्यानं गाय-बैल कुठल्याच वयात कत्तलीला देता येत नाही. द्यायचं आमच्या मनातही नाही. पण म्हाताऱ्या बैलाला दोन वेळची वैरण कुठून आणायची, ते कायदा करणाऱ्यांनी सांगावं.

चिकोडी
संघाला दूध घातलं तर सरकारचे लिटरला 5 रुपये प्रोत्साहन. ते वेळेवर आले तर पेंडीची उधारी फिटते, एवढाच आधार.

निपाणीकरांना एक सांगणं. नवीन गाय आणलीत तर ऊसतोडीच्या हंगामात नुसत्या उसाच्या वाड्यावर, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर ठेवू नका. वाड्यातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकामुळं जनावराला कॅल्शियम कमी पडतं. चुन्याची निवळी शिंपडून, कडबा मिसळून घाला.