आरक्षणाच्या मर्यादेचं मूळ १९९२ मध्ये नाही, म्हैसूरमध्ये
एकांनी लिहिलंय की आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा मंडल खटल्यात (इंद्रा साहनी), १९९२ साली आली. अहो, तिचं मूळ आपल्याच राज्यातलं, म्हणजे आजच्या कर्नाटकातलं, तेव्हाच्या म्हैसूरमधलं! १९६२ मध्ये म्हैसूर सरकारने मेडिकल-इंजिनिअरिंगच्या ६८ टक्के जागा राखीव केल्या आणि बालाजी खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला. निकाल लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. मागासलेपण निव्वळ जातीवरून ठरवू नका, असंही त्यात होतं. हा मुद्दा आरक्षणाच्या बाजूचे आणि विरोधातले, दोन्हीकडचे वकील सोयीनुसार काढतात.

आता आमच्या घरचं. खानापुरात (बेळगाव जिल्हा) पुतणीचा कर्नाटक सीईटीचा फॉर्म भरताना ३बी (मराठा समाज येतो तो मागास प्रवर्ग) आणि ग्रामीण, दोन्ही आरक्षणांवर टिक केली. कन्नड माध्यमाचा रकाना मात्र कोरा. दहावीपर्यंत मराठी शाळा, त्यामुळे कन्नड माध्यमवाल्यांसाठीच्या ५ टक्के जागा आपल्याला नाहीत.