मदत हवी आहे: कॅन्सर उपचारांतल्या विलंबाची आकडेवारी कशी मिळवावी?

आरोग्य धोरणावर संशोधन करते. निदानापासून पहिल्या केमोपर्यंत ग्रामीण रुग्णांचे किती दिवस जातात, हे तपासतेय. मुंबई (१९६३ पासून) आणि बार्शी (१९८७ पासून) इथल्या कॅन्सर नोंदणीचे अहवाल वाचले. त्यांत नवे रुग्ण, वय, अवयव सापडतात, पण वाट पाहण्याचे दिवस नाहीत. परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाबाहेर फुटपाथवर फाईल उशाशी घेऊन झोपलेली माणसं मी पाहिलीत. त्यांचे हे दिवस मोजले जायलाच हवेत.

एका रुग्णालयाने माझा माहिती अधिकाराचा अर्ज ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून फेटाळला. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे. नावं-पत्ते नकोत, फक्त तारखा आणि जिल्हा हवा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत (राज्य सरकारची मोफत उपचार योजना) रुग्णालयं खर्चासाठी जे दावे करतात, त्यांतून रुग्णांची ओळख वगळून अशा तारखा कुणी मिळवल्यात का? अर्ज नेमका कुणाच्या नावे केला होता?