मदत हवी आहे: जुन्या फोर्ट्रानमधलं 'फ्रीक्वेन्सी' कशासाठी होतं?

नमस्कार मंडळी. मी कॉलेजात कंपायलर (प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्रॅम) शिकवतो. पहिल्याच तासाला १९५७ चा फोर्ट्रान, ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा, घ्यायचाय, म्हणून आयबीएम ७०४ या संगणकासाठीचं तिचं १९५६ चं मॅन्युअल चाळत होतो. डू, इफ, गोटू सगळं ओळखीचं. मधेच हे दिसलं:

फ्रीक्वेन्सी ३०(१,२,१), ४०(११), ५०(१,७,१,१)

प्रोग्रॅमच्या ३० नंबरच्या विधानात तीन वाटांचा इफ आहे असं धरा: ऋण, शून्य, धन. कुठल्या वाटेनं किती वेळा जाणं होईल याचा अंदाज प्रोग्रॅमरनं द्यायचा, इथवर कळलं. पण कंपायलर त्याचं करायचा काय? आणि अंदाज चुकला तर उत्तर चुकायचं का? पोरं हेच आधी विचारणार.

प्रतिसाद १
उत्तर बरोबरच यायचं, प्रोग्रॅम फार तर रेंगाळायचा. भानगड इंडेक्स रजिस्टरांची, म्हणजे ॲरेतली जागा काढायला लागणाऱ्या यंत्रातल्या खास खणांची आहे. ७०४ ला ती मोजून तीन. ॲरेची (आकड्यांच्या रांगेची) सगळी सबस्क्रिप्टं (कितवा आकडा ते सांगणारे क्रमांक) त्यांच्याच जिवावर, त्यामुळे कुणाला आत ठेवायचं आणि कुणाला मेमरीत धाडायचं हे ठरवावं लागे. जिथे वर्दळ जास्त तिथे ही ने-आण कमी हवी.

कंपायलरचे सहा भाग होते. चौथा लॉइस हाइब्ट यांचा. त्यात तुमच्या प्रोग्रॅमची लुटुपुटूची धाव व्हायची: प्रत्येक फाट्यावर यादृच्छिक आकडा काढायचा, फ्रीक्वेन्सीतल्या वजनानुसार वाट धरायची आणि कुठला तुकडा किती वेळा लागला ते मोजायचं. चक्क मॉन्टे कार्लो! ती मोजणी घेऊन पाचव्या भागात शेल्डन बेस्ट यांनी रजिस्टरांची वाटणी केली.

प्रतिसाद २
एवढा खटाटोप कशासाठी, तेही सांगा पोरांना. हातानं लिहिलेल्या कोडच्या निम्म्या वेगानं जरी आपला कोड पळाला तरी कुणी ढुंकून बघणार नाही, ही फोर्ट्रान बनवणाऱ्या जॉन बॅकस यांच्या चमूची धास्ती होती. सहा महिन्यांत देतो म्हणत म्हणत १९५४ पासून एप्रिल १९५७ उजाडला, तो याच पायी.

मूळ धागाकर्ता
आभारी आहे दोघांचाही. म्हणजे सी++ मध्ये हल्ली 'ही वाट जास्त लागेल' असं कंपायलरला सांगायला 'लाइकली' लावतो त्याचा हा पणजोबा!

प्रतिसाद १
हो, पण वंश मधेच खुंटला. १९६६ च्या प्रमाणित फोर्ट्रानमध्ये फ्रीक्वेन्सी नाही.

मूळ धागाकर्ता
ठरलं तर. फळ्यावर रजिस्टरांच्या तीनच चौकटी काढतो आणि चार ॲरे फिरवायला लावतो. कुणाला बाहेर काढायचं यावरून भांडू देत.