पावसाच्या आधीची घराची डागडुजी: तुमचे अनुभव येऊ द्या

गिरणाकाठ
काल संध्याकाळी गच्चीवर कुरडया गोळा करायला गेले तर कठड्याच्या फटीत पिंपळाचं रोप, चांगलं वीतभर, तांबूस कोवळी पानं. ओढलं तर वरच्यावर तुटलं, मूळ आतच. आणि एकदम आजोबा आठवले.

आमचं चाळीसगावकडचं जुनं घर धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की आजोबांचं एकच टुमणं, खारी आणा खारी. बैलगाडीतून ती पांढरी खारी माती यायची, मग आम्ही पोरं टोपल्या वर चढवायचो आणि ते अनवाणी फिरून, जिथे पाय दबेल तिथे जास्त टाकायचे. ही माती ओली झाली की चिकट होऊन गच्च बसते, पाणी खाली उतरू देत नाही. एका वर्षी आत्याचं लग्न निघालं, घाईत माती राहून गेली. यंदा चालतंय म्हणाले सगळे. आषाढात एका रात्री घरातली सगळी पातेली, परात, अगदी पाळण्याखाली तांब्यासुद्धा. ज्वारी भिजली ती भिजलीच, पण मधल्या सागाच्या तुळईत पाणी मुरलं आणि दोन वर्षांनी ती वाकली. तुळई बदलायला गोऱ्हा विकावा लागला. दोन गाड्या मातीसाठी!

तुमच्याकडे असं काही झालंय का? लिहा, माझा पिंपळ अजून तिथेच आहे.

भुसावळचा_जावई
गोऱ्हा 😢
माझा कूलर. मे महिन्यात ४५-४६ डिग्री, कूलर रात्रंदिवस, आणि पहिला पाऊस आला की बंद करून कोपऱ्यात ढकलायचा, वर चादर. तळाला चार बोटं पाणी तसंच. पुढच्या मार्चमध्ये उघडला तर गवत काळं कुळकुळीत आणि टाकीचा पत्रा बोट घातलं तर बोट आरपार. नवीन टाकी बसवली, वरून त्याच वर्षी बायकोला शॉक बसला कारण अर्थिंगची वायर गंजून सुटलेली. आता जूनमध्ये पाणी काढून, फडक्याने कोरडा करून, आतून डांबरी रंग मारूनच ठेवतो. सासरे म्हणतात जावयाला अक्कल आली.

पिवळी_ओसरी
वाचतेय. नंतर लिहिते, नळाला पाणी आलं.

मिस्त्रीचा_पोरगा
ताई तो पिंपळ ओढू नका. ओढला की मूळ आत राहतं आणि दुप्पट जोमाने येतो. छिन्नीने आजूबाजूचं प्लास्टर फोडा, मूळ जितकं निघेल तितकं काढा, मग सिमेंट-वाळूने फट बुजवा आणि आठ दिवस पाणी मारा. आत्ता तासाभराचं काम आहे. चार वर्षांनी अख्खा कठडा उतरवायला लागेल, आमच्या बाबांनी असे दोन उतरवलेत.
आणि सगळ्यांनीच, गच्चीचा पाऊसपाण्याचा पाईप बघा. निम्म्या गळत्या स्लॅब खराब म्हणून नसतात, पाईपच्या तोंडाशी निंबाचा पाला आणि पतंगाचा कागद अडकलेला असतो, गच्चीवर तळं साचतं, पाणी सापडेल त्या फटीतून खाली.

खापरावरची_पोळी
कुरडया वाचल्या का पण?

गिरणाकाठ
@खापरावरची_पोळी वाचल्या 😄 थोड्या पोपटाने खाल्ल्या. @मिस्त्रीचा_पोरगा दादा, छिन्नी घरात आहे, हात नाहीये.

शिरपूरचा_भाऊ
आमचा प्लॉट काळ्या मातीत. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा. आणि आमची मोरीची नाली बरोब्बर मागच्या भिंतीला लागून फुटलेली, दोन वर्षं फुटलेली, म्हणजे तिथली माती कायम ओली आणि बाकी घराखालची कोरडी. मग भिंतीला तिरपी चीर, दरवाजा लागेना, सुतार आणून दरवाजा तासला, पुन्हा लागेना, पुन्हा तासला. तिसऱ्यांदा सुतारच म्हणाला, भाऊ, दरवाजाचं काही नाही, घर हललंय. नाली तेव्हाच केली असती तर दोन-तीन हजार. नंतर किती लागले ते इथे लिहित नाही, घरचे पण हा धागा वाचतात.

धुळ्याची_माहेरवाशीण
दरवाजा तासत बसलात 😂😂 सॉरी दादा पण हसू आलं.
आमच्याकडे इन्व्हर्टर. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर टाकायचं असतं हे सगळ्यांना माहीत, पण ह्यांचं म्हणणं आरओचं पाणी तेच असतं. तेच नसतं, त्यात क्षार राहतात. त्यात सहा महिने कुणी पातळी बघितलीच नाही, प्लेटा उघड्या पडल्या. बॅटरी गेली ती पण ऐन लग्नसराईत, घरात अकरा पाहुणे, लाईट गुल. सासूबाई ओट्यावर येऊन म्हणे, माय वं, आमनं जुनं घर बरं व्हतं, पंखाच नव्हता ते बंद काय पडी!

वांग्याचं_भरीत
सासूबाईंना माझा नमस्कार 🙏 गॅसची नळी पण बघा, पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख नळीवरच छापलेली असते. आमच्या नळीवरची तारीख बघितली तर पोरगी बारावीत असतानाची निघाली, आता तिला नोकरी लागली.

खापरावरची_पोळी
अभिनंदन! कुठे लागली?

वांग्याचं_भरीत
नाशकात. पेढे उधार.

पिवळी_ओसरी
आले परत. चार दिवसांनी पाणी येतं, ते भरताना दुसरं काही सुचत नाही. माझा अनुभव तेवढाच: टाकीचा बॉल कॉक. क्षार धरून अडकला, बंदच होईना, रात्रभर टाकी वाहिली आणि पाणी झिरपलं ते नेमकं बेडरूमच्या भिंतीत. रंगाला फोड आले, कपाटामागे बुरशी, आणि त्या ओलीला उधई (वाळवी) लागली ती लग्नाच्या शालूपर्यंत गेली. प्लंबर आला, बॉल कॉक काढून दाखवला तर वरती चुन्याचा पांढरा दगडच. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवला असता तर निघालं असतं म्हणे. आता दर दिवाळीला टाकी धुताना तो काढून घासते. शालूचा पदर कापून उशीचा अभ्रा शिवलाय.

भुसावळचा_जावई
शालूचा अभ्रा 💔 पोलीस केस आहे ही.

गिरणाकाठ
पिवळी ओसरी, मी आत्ता उठून बॉल कॉक बघून आले. पांढरा आहे. मिस्त्री उद्या सकाळी येतोय, म्हणाला ताई आठला येतो, म्हणजे अकरा धरू. आणि वर गेले तर पाईपच्या तोंडाशी पिंपळाचं अजून एक निघालं, हे दोनच पानांचं. हे मात्र मुळासकट आलं.